नाव आधी कुणी घेतलं

"खरं सांगितलं तर तो सुटेल. खोटं सांगितलं तर आत जाईल. आता तुम्हीच बोला बाई, यात विचार करण्यासारखं आहे काय?"

यशोधननं हे परसात पाऊल टाकता टाकताच विचारलं. बसायचंही भान नव्हतं त्याला.

हुपरीकर बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोकं मेंदीनं लिंपलेलं, खांद्यावर जुना टॉवेल, कपाळावरून एक हिरवा ओघळ भुवईकडे निघालेला. मिरजेतले निम्मे समुपदेशक ज्यांच्या हाताखालून गेले त्या बाई, आणि हा अवतार.

"हळू," बाई म्हणाल्या. "भिंतीपलीकडे धुणं वाळत घालतायत."

आवाज खाली आणून तो म्हणाला, "ती माझी पेशंट आहे ना, ती…"

बाईंनी हात वर केला. "नाव नको."

नाव तो घेणारच होता. जीभ चावली.

दोन वर्षं तो बाईंकडे शिकला होता. त्यांची शिस्त त्याला तेव्हाही जाचायची. समोरच्यानं तोंड उघडेपर्यंत आपण उघडायचं नाही, मग सगळा तास भिंतीकडे बघण्यात गेला तरी बेहत्तर. यशोधन मित्रांत सांगायचा, बाईंकडे माणूस समुपदेशन शिकायला जातो आणि मौनव्रत घेऊन येतो. स्वतःचं क्लिनिक टाकल्यावर त्यानं ती शिस्त पहिल्याच महिन्यात गुंडाळून ठेवली. आपल्यापुढं माणसं भराभर मोकळी होतात याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

ही मुलगी सोळा वर्षांची. वर्गात बोलेनाशी झाली म्हणून शाळेनं पाठवलेली. दुसऱ्या सेशनला ती म्हणाली, "आमच्या घरातलाच एक माणूस…" आणि थांबली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

यशोधनलाही थांबता आलं असतं.

पण खाली मोटरसायकलवर तिला न्यायला आलेला धाकटा काका त्यानं पाहिला होता. त्याचा हॉर्न वाजला की ही खुर्चीतल्या खुर्चीत कशी आकसते, तेही पाहिलं होतं.

"काका का?" त्यानं विचारलं.

तिनं 'हो' अशी मान हलवली.

पुढचं सगळं मग तिनं स्वतःच सांगितलं, तीन-चार सेशनमध्ये, तुकड्या-तुकड्यांनी. यशोधननं पोलिसांना कळवलं. वयच असं होतं की कायद्यानं कळवावंच लागतं, आणि ते त्यानं तिला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं. तिथं तो चुकला नव्हता. काकाला अटक झाली, मुलगी मावशीकडे राहायला गेली.

घरातल्या मोठ्यांनी मात्र आपली लायकी दाखवली. आजोबांनी पंचनाम्याला आलेल्या पोलिसांना बशीत बिस्किटं घालून चहा दिला आणि नातीशी बोलणं टाकलं. आजी देवापुढं बसून मुलगा सुटावा म्हणून जप करू लागली. सणासुदीला ज्यांच्या पाया पडायचं त्या सगळ्यांनी एका दुपारी बसून ठरवलं, की पोरीच्या डोक्यात हे त्या समुपदेशकानं भरवलंय.

आरोपीच्या वकिलाला आयतं मिळालं. मुलीची साक्ष झाली होती. उद्या यशोधनची होती.

"तो एकच प्रश्न विचारणार," यशोधन म्हणाला. "नाव आधी कुणी घेतलं?"

"कुणी घेतलं?"

"मी."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"सरकारी वकील म्हणतात, एवढंच म्हणा की तिनं आपणहून सांगितलं. पुढचं मी बघतो. वर म्हणतात, तुमच्या वयाचा असताना मीसुद्धा फार सत्यवादी होतो."

"आता नाहीत?"

"आता निवृत्तीला टेकलेत."

बाईंनी टॉवेलच्या टोकानं भुवईवरचा ओघळ टिपला. "तू काय ठरवलंयस?"

"ठरलंय. तिनंच नाव घेतलं म्हणून सांगणार. मी काही परवानगी मागायला आलेलो नाही."

"मग कशाला आलास?"

त्याला चटकन उत्तर सुचलं नाही. हे त्याच्या बाबतीत क्वचितच व्हायचं.

"तुम्ही 'बरोबर' म्हणावं म्हणून," तो शेवटी म्हणाला.

"नंतर तिनं जे जे स्वतः सांगितलं, ते कोर्टात येणार आहे ना?"

"येणार."

"मग तेही सांग, हेही सांग."

यशोधन हसला. ते हसू काही चांगलं नव्हतं. "बाई, डोक्याला मेंदी थापून परसात बसलं की खरं बोलणं फार सोपं असतं. पिंजऱ्यात उभं राहावं लागतं तिथं. तो माणूस एक धागा धरतो आणि सगळं स्वेटर उसवून हातात देतो."

"माझं दोनदा उसवलंय."

"मग?"

"गार वाटतं थोडं."

तो चिडला. चिडायला जागाही होती. म्हाताऱ्या माणसांचा सच्चेपणा पुष्कळदा दुसऱ्याच्या जिवावर चालतो. तत्त्व यांचं, आणि भोगायचं सोळा वर्षांच्या पोरीनं. घरच्यांनी तिला अब्रूसाठी गप्प बसवलं, आता बाई तिला सत्यासाठी हरवणार. फरक काय?

हे त्यानं मनात ठेवलं नाही. तोंडावर बोलून मोकळा झाला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, की पटलं असंही म्हणाल्या नाहीत. कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची होती. बाईंनी बसल्या जागेवरून पाय लांब केला आणि ती ढकलत ढकलत त्याच्यासमोर आणली. फरशीवर ती करकरत आली.

"बस," म्हणाल्या. "तू त्या पायरीवर. खुर्चीत ती बसलीय."

यशोधनला कळलं. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, जो माणूस तिथं नाही त्याला तिच्यात बसवायचं आणि मनातलं बोलायचं. हे तो स्वतः आठवड्यातून दोनदा पेशंटांकडून करून घ्यायचा.

"माझ्यावर खुर्चीचा प्रयोग नको, बाई. ही भाजी आमच्याच दुकानात मिळते."

"मग चव माहीत असेल. बस."

तो बसला.

"उद्या काय करणार आहेस ते मला सांगितलंस. आता तिला सांग."

"तिला कशाला? तिला सांगायची गरजच नाही."

"नाव आधी कुणी घेतलं, हे तिला माहीत नाही का?"

"…आहे."

"मग सांग."

यशोधननं खुर्चीकडे पाहिलं. निळी, एका हाताला चीर गेलेली प्लास्टिकची खुर्ची. त्यानं घसा खाकरला. सेशनमध्ये लावायचा तो मऊ आवाज लावला.

"हे बघ, उद्या माझी साक्ष आहे. त्यात मी सांगणार आहे, की काकाचं नाव आधी तू घेतलंस."

"पुढं."

"तसं झालं नव्हतं, मला माहितीय. पण हे मी तुझ्यासाठी करतोय. तुझ्या भल्यासाठी."

"पुढं."

"तू घाबरू नकोस. खोलीत आपण दोघंच होतो. तू बोलली नाहीस, तर कुणालाही कधी…"

तो थांबला.

भिंतीपलीकडे कुणीतरी ओली चादर झटकली.

ओठ हलत होते त्याचे. आवाज नव्हता.

बाई थांबल्या. अगदी त्यांच्या पद्धतीनं थांबल्या. मदतीला एक शब्द दिला नाही. मेंदी सुकत चालली होती, कानामागे खाज सुटली असणार, पण हात वर गेला नाही.

…

…

"काकाचं वाक्य आहे हे," यशोधन म्हणाला. "तिसऱ्या सेशनला तिनं सांगितलं होतं. तो दार उघडून बाहेर जाताना दर वेळी हेच म्हणायचा. आपण दोघंच होतो… तू बोलली नाहीस तर…"

"शब्द तेच?"

"तेच."

"मी दिले नाहीत ना तुला?"

त्यानं मान हलवली. मग लक्षात आलं, की नुसती मान हलवून भागणार नाही.

"नाही. माझेच होते," तो म्हणाला.

तो पाठ सरळ करून बसला. आला तेव्हाचा तोरा उतरला होता, पण माणूस मोडलेला नव्हता. उलट, आता त्याचे पाय जमिनीला लागल्यासारखे दिसत होते.

"सांगतो उद्या," तो म्हणाला. "नाव मी घेतलं. घेऊ नये हे शिकवलेलं असताना घेतलं. आणि पुढचं जे तिचं आहे, ते तिचं म्हणून सांगतो. एक अक्षर सोडणार नाही. उसवू दे काय उसवायचं ते."

"हं."

"केस पडू शकते, बाई."

"पडू शकते."

"तो उजळ माथ्यानं घरी येईल. आजोबा पेढे वाटतील."

"वाटतील. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा होती तुझी? आत्ता इथून निघालास की बालकल्याण समितीत जा. निकाल काहीही लागो, पोरगी मावशीकडेच राहील एवढं बघ. ते रडगाणं नाही, ते काम आहे."

"जातो. आणि तिला? तिला काय सांगू?"

"तुझ्या साक्षीच्या आधी एक अवाक्षर नाही. साक्ष झाली की बोलाव आणि सांग. 'घाई मी केली, तू नाही' म्हणून."

"चिडेल ती."

"चिडू दे."

यशोधन उठला. दोन पावलं गेला, परत वळला. विचारू की नको असं झालं त्याला, आणि हेही त्याच्या बाबतीत क्वचितच व्हायचं.

"आजवर एकही सेशन चुकवलं नाही तिनं. ताप असताना आली होती. ये म्हटलं की येते, बस म्हटलं की बसते. हे ऐकल्यावर पुन्हा माझ्याकडे आलीच नाही तर? 'नाही येणार' म्हणून तोंडावर सांगितलं तर?"

बाई डोकं धुवायला उठल्या होत्या. न्हाणीच्या दाराशी थांबून त्यांनी मागं पाहिलं.

"मग समजायचं, तिला 'नाही' म्हणता आलं. तुला दिलेली फी वसूल झाली तिची."