वचनातून गाळलेला 'का'

नदीकाठच्या रानात एका जुन्या पिंपळावर कावळ्यांची वस्ती होती. रोज संध्याकाळी म्होरक्या कावळा वरच्या फांदीवर बसून पूर्वजांचं वचन म्हणे, "पिंपळ पोकळ झाला तरी सोडू नये." खाली सगळे माना डोलावत. एक तरुण कावळी तेवढी डोलावत नसे. तिला पहिलीच अंडी घालायची होती आणि वाट्याला आलेल्या फांदीवर चोच मारली की आतून भुसा गळत असे. पोरांनो, भुसा गळणाऱ्या झाडावर अंडी ठेवायला फार मोठं तत्त्वज्ञान लागतं. ते म्हाताऱ्यांकडे भरपूर होतं.

एकदा ढोलीतली साळुंकी तेच वचन घोकताना कावळीने ऐकलं, "पिंपळ पोकळ झाला तरी सोडू नये का?"

"शेवटचा 'का' तू जोडलास?" कावळीने विचारलं.

"मी कशाला जोडू, बाई? आम्हां साळुंक्यांना अर्थ कळत नाही. ऐकलं तसं बोलतो. आईने तिच्या आईचं ऐकलं, आणि तिच्याही आधीच्या कुणीतरी थेट तुमच्या मूळ पुरुषाचं."

त्याच संध्याकाळी कावळीने भर सभेत म्होरक्याला गाठलं. "आजोबा, वचनाच्या शेवटी 'का' होता. तो कुठे गेला?"

"माझ्या आजोबांनी गाळला," म्होरक्या शांतपणे म्हणाला. "अगं, आपण कावळे. खोकलो तरी 'का' निघतो. असला आवाज वचनात शोभतो होय?"

"म्हणजे पूर्वज विचारत होते, आणि तुम्ही हुकूम सोडताय."

"अजून एक अंडं घातलं नाहीस आणि आम्हांला पूर्वज शिकवतेस? पिंपळाबाहेर घरटं केलंस तर राखणीला कोणी येणार नाही."

"नका येऊ," कावळी म्हणाली.

तिने पलीकडच्या चिंचेवर एकटीने काड्या रचल्या. साळुंकी तेवढी सोबतीला आली. पिंपळावर वचन सुरू झालं की कावळी चिंचेवरून शेवटचा 'का?' जोडी. घसा बसला तरी जोडी. म्हातारे चिडत, काही तरुण कावळ्या मान खाली घालत. पण उठून कोणी आली नाही. मग एका दुपारी वावटळ उठली आणि पिंपळ बुंध्यातून मोडून पडला. म्हातारे उडाले, त्यांना पंख होते. अंड्यांना नव्हते.

सगळी वस्ती चिंचेवर आली. कावळीने सरकून जागा दिली. म्होरक्या सवयीने सर्वांत वरच्या फांदीवर चढला, घसा खाकरला आणि म्हणाला, "चिंच पोकळ झाली तरी सोडू नये."

एकही मान डोलली नाही. कावळीने चोच उघडली, पण त्याआधीच तिच्या घरट्यातून कालच जन्मलेलं पिल्लू बोललं, "का?"

"भूक लागली असेल त्याला," म्होरक्या पुटपुटला.

"असेल," ज्यांची अंडी फुटली होती त्यांतली एक कावळी म्हणाली. "वचन पुन्हा म्हणा, आजोबा. ह्या वेळी शेवटापर्यंत."

तात्पर्य : पूर्वजांचं बोलणं जपायचं असेल तर त्यांचा प्रश्नही जपा, प्रश्न गाळला की विचार उरत नाही, नुसता धाक उरतो.