ठकूबाई निरगुडे यांचे पान

“बाबा, ही बाई होती की नव्हती, तेवढं एका शब्दात सांगा.”

केशवगीर बाबा धुनीतली राख उकरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणती बाई?”

“ठकूबाई निरगुडे.”

बाबांचा हात थांबला... मग पुन्हा चालू झाला.

विचारणारा शिरीष. याच मठात बाबांसमोर बसून पाटीवर अक्षरं गिरवलेला आमच्या गावचा पोरगा. आता पुण्यात मोठ्या कंपनीत असतो आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशाचा प्रचालक आहे. तिथं कुणाचं पान राहावं आणि कुणाचं वगळावं, हे ठरवणाऱ्यांपैकी एक. या कामाला पगार नाही, पण ताठा मात्र पगारी साहेबाच्या वरचा.

गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या वैद्य बाईंनी त्या ज्ञानकोशात ठकूबाईचं पान लिहिलं होतं. विडी कामगार बायकांची पुढारी म्हणून. कुणीतरी हरकत घेतली, चर्चा झडली, आणि निकाल शिरीषच्या हातात आला.

“आज मला ठरवायचंय,” तो म्हणाला. “ठेवायचं की काढायचं.”

“मग ठरव की.”

“पुरावाच नाही. फोटो नाही, मुलाखत नाही, साधा सत्कारसुद्धा नाही. जुन्या वर्तमानपत्रातल्या तीन बातम्या तेवढ्या आहेत. आणि त्यांचाही एकमेकींशी मेळ नाही.”

“म्हणजे?”

“एकाच दिवशी ठकूबाई निरगुडेला तीन वेगवेगळ्या तालुक्यांत अटक. एका बातमीत ती पंचविशीची. दुसरीत म्हातारी. तिसरीत तर कडेवर तान्हं मूल.” शिरीष हसला. “अशी बाई असूच शकत नाही, बाबा. लोकांनी रचलेली गोष्ट आहे.”

“मग काढून टाक.”

हे त्याला अपेक्षित नव्हतं. तो जरा चुळबुळला.

“तसं नव्हे... त्या संपाच्या वेळी तुम्ही इथंच होता. तुम्ही एकदा ‘नव्हती’ म्हणा, म्हणजे माझ्या मनाला टोचणी राहणार नाही. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं...” बाबा म्हणाले.

आम्ही दोघं-तिघं पायरीवर बसून ऐकत होतो. आम्हाला हसू येत होतं. ते नाव इतक्या मोठ्यानं गावात कैक वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

एके काळी इथं दर दुसऱ्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेतलेली बाई दिसायची. दुपारभर पानं कापणारी कात्री चालायची आणि गल्लीत शिरलं की तंबाखूच्या खकाण्यानं शिंक यायची. संध्याकाळी ठेकेदार चांगल्या विड्या मुद्दाम खराब ठरवायचा. त्याला ‘छाट’ म्हणायचे. छाटीची मजुरी मिळायची नाही, आणि ठेकेदार त्याच विड्या बंडलात बांधून विकायचा. पिढ्यानपिढ्या बायकांनी ते खाली मान घालून सोसलं. मग एके दिवशी एकीनं छाट टाकणारा त्याचा हात वरच्या वर धरला. ती ठकूबाई.

काय दिवस होते ते! संप सुरू झाला आणि गावोगाव पसरला. मठात सगळ्यांची एकच चूल पेटायची. गोसाव्याच्या आवारात मुसलमानाच्या, महाराच्या, माळ्याच्या बायका एका परातीत पीठ मळायच्या आणि फौजदाराची नक्कल करून पोट धरून हसायच्या. आता विडीचा कारखाना बंद आहे, सुपं माळ्यावर गेलीत, आणि तसं हसणंही पुन्हा कानावर आलं नाही.

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकत ओट्याच्या कडेपर्यंत गेले. खाली आवारात भजनासाठी म्हाताऱ्या जमत होत्या.

बाबांनी तोंडाशी हात धरला आणि हाक मारली.

“ठकूबाई...!”

“ओ!”

पारावर बसलेल्या काशीबाईनं ओ दिली. तिच्या शेजारच्या यमुनाक्कानं दिली. हौदावर पाय धुणाऱ्या शेवंतानं वाकल्या वाकल्या दिली. दाराबाहेर बोरं विकायला बसलेल्या फातमाबीनं तर सगळ्यांत मोठ्यानं दिली.

मग त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की आम्ही पायरीवर बसल्या बसल्या तरुण झालो.

शिरीष मात्र हसला नाही. तो खाली उतरला.

“काशीमावशी, यातली खरी कोण?”

“फौजदारबी ह्येच इचारत व्हता,” काशीबाई म्हणाली.

पुन्हा हशा.

“आरं, वारंट तिच्या नावाचं व्हतं,” यमुनाक्कानं त्याला समजावलं. “ती घावली आसती तर संप मोडला आसता. मंग जिला धरलं तिनं त्येच नाव सांगितलं. हितं ठकूबाई, तिथं ठकूबाई. सायेब येडा व्हायचा राहिला.”

“ते कळलं. पण खरी कोण होती?”

हसणं थांबलं.

“त्ये न्हाई सांगायचं,” काशीबाई म्हणाली. “शपथ हाय.”

“अहो मावशी, आता इतकी वर्षं झाली! तो फौजदार कधीच मेला असेल.”

“मेला आसंल की. शपथ जित्ती हाय.”

शिरीषनं कपाळाला हात लावला. त्याला राग आला होता, आणि राग नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

फातमाबी बोरांची पाटी झाकून आत आली. त्याच्यासमोर उभी राहून त्याचं तोंड न्याहाळत राहिली.

“तुझ्या आईला लई मारलं रे,” ती म्हणाली. “मी एकाच कोठडीत व्हते तिच्यासंगं. पन ठकूबाई ह्ये नाव न्हाई बदललं तिनं.”

“माझी आई?” शिरीष म्हणाला. “छे, छे. आई तेव्हा नव्हतीच इथं. ती मामाच्या गावाला गेली होती. मला चांगलं आठवतंय, मी इथं मठातच राहायचो, बाबा खिचडी करून घालायचे मला. आई मामाकडे... धाकटीला घेऊन...”

त्याचा आवाज हळू होत गेला.

“धाकटी तेव्हा... कडेवर होती.”

शेवंतानं डोळ्यांना पदर लावला. शिरीषची आई जाऊन बरीच वर्षं झाली. ती शेवटपर्यंत डाव्या खांद्यानं अधू होती, आणि पोरगा विचारायचा तेव्हा विहिरीवर घसरून पडले म्हणायची. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला सांगायचं धाडस कुणाला झालं नाही, कारण तिनंच नको म्हटलं होतं.

तो पारावर जाऊन बसला... काशीबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तोही त्यानं राहू दिला.

टाळ वाजायला लागले तसा तो वर आला. बाबा पुन्हा धुनीपाशी बसले होते. शिरीषनं खिशातून मोबाइल काढला. ते पान उघडलं. अंगठा नुसताच काचेवर राहिला.

“नाही काढत, बाबा.”

बाबांनी मान हलवली.

“पण लिहू काय? जन्म माहीत नाही, मृत्यू माहीत नाही. कोण होती तेही कुणी सांगत नाही...” त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. “अशा बाईच्या पानावर काय लिहायचं असतं?”

बाबांनी राखेत फुंकर घातली. तळातला निखारा लाल झाला, तेव्हा त्यावर एक काडकी ठेवली.

“लिही...” ते म्हणाले. “फौजदाराला अजून सापडली नाही.”