बंद दाराचे आठ दिवस

"घर आहे, नवरा गरीब गाय, मुलगी हुशार... मग हिला झालंय तरी काय, बाबा?"

शैलाने विचारलं खरं, पण उत्तरही तिच्यापाशी तयारच होतं. मठातली घंटा, प्रसादाची पळी आणि कोणाची श्रद्धा कितपत मुरली याची पारख, तिन्ही कामं गेली कित्येक वर्षं तिचीच.

केशवगीरबाबा बेलाची पानं निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग शैला सांगतच सुटली. धाकटी बहीण नयना दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली. डोक्याला काम नाही म्हणून होतं असं. नामात मन नाही म्हणून होतं. आईने लाडावलं, म्हणूनही होतं. शेवटी शैलानेच तिला मठात आणलं, अकरा दिवस पहाटे पांघरूण ओढून काकडआरतीला बसवलं. आज नयना म्हणाली, ताई, मला घरी सोड, आणि परत भेटायला येऊ नकोस.

या बहिणीला तिनेच कडेवर वागवलं होतं.

"अंगारा द्या, बाबा. ती लावून घेणार नसेल तर मलाच लावा."

बाबा हसले.

"श्रावणात मी आठ दिवस दार उघडलं नाही. लोकांना काय सांगितलंस?"

"समाधी लागलीय म्हणून." शैलाची मान जरा ताठ झाली. लोक उंबऱ्यावर फुलं ठेवून, पाय न वाजवता परत गेले होते.

"आणि आत मी काय करत होतो?"

"ते... आम्हा पामरांना कसं कळणार?"

"भिंतीकडे तोंड करून पडलो होतो."

बाबांनी पोथीखालून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तिच्यासमोरच एक गोळी पाण्याबरोबर घेतली. तालुक्याचे डॉक्टर देतात, म्हणाले. सहा वर्षं झाली. नाम तर त्याच्या कितीतरी आधीपासून घेतोय.

शैला पाकिटाकडे बघत राहिली. ती पोथी रोज तीच पुसायची. वरून.

"पण बाबा... तुम्हाला कसलं दुःख?"

बाबांनी बेलाची परडी तिच्या मांडीवर ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि नयनाच्या खोलीकडे निघाले.

"कसलं, ते तिला विचारून बघतो. तिला माहीत असेल."