पलंगाखालची जागा

“...पण जाई पलंगावर झोपतच नसेल, तर दुसरा कोणता आणू, माई?”

कालिंदीने दोन चित्रं पुढे केली. एक बुटका पलंग, पांढऱ्या रंगाचा. दुसरा त्याहूनही बुटका.

मठाच्या पडवीत माई आमसुलं उलटवत बसल्या होत्या. त्यांनी चित्रांकडे पाहिलंही नाही.

“आहे त्याचं काय बिनसलं?”

“बिनसलंय कुठे? अस्सल फणसाचा आहे. गाठी, भेगा, सालीची कड, सगळं जसंच्या तसं ठेवलंय. कपाट तसंच, टेबल तसंच. पोरीला झाडाखाली निजल्यासारखं वाटावं म्हणून दोन मेस्त्री बदलले मी! गावातल्या बायका मुद्दाम खोली बघायला येतात.”

“आणि पोर?”

कालिंदीचा आवाज उतरला.

“पलंगाखाली झोपते. रोज मी हाताला धरून ओढून काढते, की ती पुन्हा आत. आणि मला... अजून बाईच म्हणते. आश्रमातल्या बाईंना म्हणायची, तसं.”

सहा वर्षांच्या जाईला कालिंदीने दिवाळीनंतर अनाथाश्रमातून आणलं होतं. घर भरलं होतं, पण एक हाक तेवढी यायची राहिली होती.

माईंनी हात पदराला पुसले.

“चल, दाखव.”

जाईच्या खोलीत शिरल्यावर माईंनी कपाटाला हात लावला नाही, टेबलाकडे वळून बघितलं नाही. भगव्या लुगड्याचा काचा मारला आणि सरळ जमिनीवर आडव्या होऊन पलंगाखाली सरकल्या.

“अहो माई! काय हे! तुमची कंबर...”

“गप्प.”

कालिंदी पलंगापाशी उभी राहिली. खालून कुजबुज ऐकू येऊ लागली.

“तू कोण गं आजी?”

“पाहुणी. सरक थोडी... काय बघतेस इथून?”

“पाय.”

“कुणाचे?”

“येतात त्यांचे. आश्रमात पण मी खाटेखालीच बसायची. कुणाला न्यायला आले की आधी पाय दिसायचे. मग मी मागे भिंतीशी जायची.”

“आणि हे समोरचे कुणाचे?”



“बाईंचे... त्या मला ओढतात.”

आपल्याच पायांकडे कालिंदी परक्यासारखी बघत राहिली. वर सालीची कड चकचकत होती. ती कड निवडताना तिने अख्खी दुपार वखारीत घालवली होती.

इरकली साडी होती अंगावर. होती तर होती. कालिंदी खाली वाकली, गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं.

“जाई... मला जागा आहे?”

माई दुसऱ्या बाजूने मुकाट्याने बाहेर निघाल्या.

कालिंदी पोटावर सरकत आत शिरली. डोकं फळीला आपटलं. “आई गं!” ती कळवळली.

जाई फिस्सकन हसली. मग तिने हळूच हात पुढे करून कालिंदीचं कपाळ चोळलं.

तेवढ्यात बाहेर जिन्यावर पावलं वाजली. शेजारच्या बायका खोली बघायला येत होत्या.

जाईने कालिंदीचा दंड गच्च धरला.

“आई, पाय आत घे! दिसतील ना त्यांना!”

कालिंदीने पाय पोटाशी घेतले. तोंडावर पदर दाबला, तरी हुंदका फुटला. हुंदक्यामागून हसू आलं, आणि मग आवाज आवरेना.

“माई! ऐकलंत? अहो, ऐकलंत का तुम्ही?”

दारात आलेल्या बायका थबकल्या. पलंगाखाली कुणीतरी खदखदून हसत होतं, आणि पलंगावर मठातल्या माई डोळे मिटून ऐसपैस पहुडल्या होत्या.

“ऐकलं.”

“मग आता त्या चित्रांतला कोणता बुटका पलंग घेऊ?”

माईंनी कूस बदलली.

“मेस्त्रीला बोलाव. याचेच पाय वीतभर वाढवून घे.”