हरणीचा गुन्हा

सूर्य कासराभर वर आला होता आणि हैबती उस्तादांच्या रिंगणाभोवती सगळं गाव जमलं होतं. जनावरं माणसांशी सरळ बोलत, त्या काळातली ही घटना आहे.

सुभानरावांची घोडी हरणी त्यांचं ऐकत नसे, म्हणून ते पावसाळाभर उस्तादांकडे घोडेस्वारी शिकले. शिकले ते उस्तादांच्या पाखऱ्या घोड्यावर, आणि झकास शिकले. आज ते आपल्या हरणीवर बसून ही विद्या गावाला दाखवणार होते. उस्ताद कौतुकानं लोकांत बसले होते.

सुभानराव ऐटीत स्वार झाले. हरणी जागची ढिम्म हलली नाही.

"अडेलतट्टू कुठली!" सुभानराव ओरडले. "हिला उद्याच टांग्याला जुंपा."

"धनी, पण करू काय, ते तरी सांगा," हरणी म्हणाली. "ना टाच लागली, ना लगाम हलला."

"पाखऱ्याला कधी सांगावं लागलं नाही!"

कुंपणाशी कडबा चघळणारा पाखऱ्या फिसकन हसला. "राव, मला उस्ताद सांगायचे. ते मध्ये उभे राहून 'दुडकी' म्हणाले, की मी दुडक्या चालीनं निघायचो. तुम्ही वर छान बसायचात."

लोक खो खो हसले. उस्ताद घाईनं उठले. त्यांनी पाखऱ्याच्या तोंडाला तोबरा बांधला आणि सुभानरावांच्या डोक्याला उत्तम स्वाराचा मानाचा पटका. त्याच लोकांनी मग टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून हरणी टांगा ओढू लागली. तिचा गुन्हा काय होता, हे सुभानरावांनी, उस्तादांनी किंवा टाळ्या वाजवणाऱ्या गावानं अद्याप सांगितलेलं नाही.