साध्या उंदराचं पोट

“तिचेच उंदीर विझतात आणि माझे विझत नाहीत, असं कसं होईल, मॅडम?”

मिरीकर मॅडम हातमोजे चढवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

यशोधन पोंक्षे हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. मॅडमचं मत ठाऊक नाही; यशोधनचं तरी तसंच होतं.

प्रयोगशाळेतल्या त्या उंदरांच्या अंगात प्रवाळाचं एक जनुक घातलेलं होतं. आतड्यात कर्करोगाची गाठ धरली, की हिरव्या टॉर्चखाली, रंगीत चष्म्यातून, पोट लाल चमकायचं. औषध लागू पडलं, की लाली उतरायची. जिवाला कापून बघायला नको. एक औषध मॅडमची दुसरी विद्यार्थिनी शमीम तांबोळी हिच्याकडे होतं, दुसरं यशोधनकडे.

शमीमच्या उंदरांची पोटं अंधारली होती. यशोधनच्या उंदरांची लालच होती.

लोक दुसऱ्याच्या उजेडावर जळतात. हा अंधारावर जळत होता.

“सोमवारी ती परिषदेत बोलणार,” तो म्हणाला. “आणि मी उद्या माझे उंदीर मारणार. औषध निकामी म्हणून.”

“मग?”

“चौकशी करा तिची. काहीतरी गडबड आहे.”

“कशावरून?”

“रोज बघतो ना मी. तिच्या खोलीत जाऊन.”

“रोज?”

“आल्या आल्या. आणि निघताना.”

“बरीच सेवा करतोस की रे तिची...”

यशोधनचे कान तापले. मॅडम उठल्या आणि त्याच्या उंदरांच्या खोलीत शिरल्या. तो मागोमाग.

“दिवा घालव. साधा उंदीर काढ.”

साधा, म्हणजे ज्याच्यात ते जनुक नाही असा. तुलनेसाठी ठेवलेला.

“त्याच्यात काय बघायचं, मॅडम? तो चमकणारच नाही.”

“शेवटचा कधी बघितलास?”

यशोधन चष्मा शोधू लागला.

“काढ तर खरा.”

त्याने उंदीर काढला. मॅडमनी टॉर्च लावला. दोघांनी चष्मे चढवले.

साध्या उंदराचं पोट लाल चमकत होतं.

“पिंजरा बदललाय कुणीतरी!”

“कुणी? शमीमने?”

त्याने घाईघाईने उंदराच्या कानातला बिल्ला पाहिला. उंदीर त्याचाच होता.

मॅडमनी पिंजऱ्याच्या जाळीवरची खाद्याची एक कांडी उचलली आणि टॉर्चखाली धरली.

कांडीही लाल.

“लसूणघास,” त्या म्हणाल्या. “वाळवून खाद्यात घालतात. हिरवा पाला या उजेडात लाल दिसतो.”

“म्हणजे इतके दिवस मी... घास बघत होतो?”

“शमीमने मीटिंगमध्ये सांगितलं होतं. घास नसलेलं खाद्य आणलंय, कुणाला हवं तर न्या म्हणाली. तू होतास की.”

होता. समोरच बसला होता. तिच्या आलेखात चूक कुठे सापडते ते शोधत होता.

पिंजऱ्यांतून कुरतडण्याचा आवाज येत राहिला.

“मग माझं औषध लागू पडलंय?” त्याचा आवाज एकदम चढला. “तिच्यापेक्षाही चांगलं?”

“माहीत नाही. चार दिवस ते खाद्य घाल. पोटं रिकामी झाली की दिसेल.”

“आजच मागवतो!”

“यायला महिना लागतो. चार दिवस मी तुला वाढवून देईन. महिना नाही. नाहीतर उद्या ठरल्याप्रमाणे.”

यशोधनने हातातल्या उंदराकडे पाहिलं. मग भिंतीकडे. भिंतीपलीकडे शमीमची खोली होती.

“तिच्याकडे मागू?”

“पोतं तिच्या खोलीत आहे. तुला रस्ता दाखवायला नको.”

“तुम्हीच सांगा ना, मॅडम. तुमचं ऐकेल ती.”

मॅडमनी चष्मा काढला. टॉर्च विझवला. खोलीत मिट्ट काळोख झाला. आता कुठला उंदीर कुणाचा, काही कळेना. यशोधनच्या तळहातावर तेवढी एक ऊब होती, भराभर धडधडणारी.

“काय सांगू तिला?” तो हळूच म्हणाला.

“भूक लागलीय म्हण.”

“कुणाला?”

मॅडमनी दार उघडलं.

“ती विचारणार नाही.”