उभ्या राज्याचे दोन पाट

एका राज्यात कोणालाच बसता येत नव्हतं. राजाला सिंहासनावर बसता येईना, रंकाला ओट्यावर बसता येईना. म्हैस रवंथ करी ती उभ्याने, कुत्रं जांभई देई ते उभ्याने. कोंबडी अंड्यावर टेकली की टुणकन उडे, म्हणून कोंबड्या अंड्यांभोवती नुसत्या प्रदक्षिणा घालत. न्हावी उभा, गिऱ्हाईक उभं, दोघंही या पायावरून त्या पायावर, त्यामुळे नगरात तीनशे माणसांना अर्धीच मिशी उरली होती. आडवं व्हावं म्हटलं तर आधी टेकावं लागतं, आणि टेकलं की जमीन तव्यासारखी चटका देई. भिंतीला खांदा लावून डुलकी घ्यायची, एवढीच झोप. तुम्ही हे बसूनच वाचताय ना? बसा, बसा. ऐट करून घ्या. त्या राज्यात तुमच्याकडे पाहून लोकांनी हंबरडा फोडला असता.

आता हे झालं कसं ते ऐका.

त्या राज्याचा राजा घनगर्ज. आवाज मोठा, कान लहान. त्याचा एकुलता पुत्र अरिंजय. अरिंजयाच्या मागे सदा एक माणूस चाले, नाव त्याचं रवळू. राजपुत्राच्या डोक्यावर अब्दागिरी धरायची, म्हणजे उंच दांड्याची ती झालरीची सावली धरायची, हे त्याचं काम. सात वर्षं धरली. घराण्याची रीत अशी, की अब्दागिरीवाल्याने दोन हात मागे राहावं, राजवंशासमोर कधी बसू नये, आणि ‘जी’ याखेरीज शब्द बोलू नये. सात वर्षांत रवळू हजारो वेळा ‘जी’ म्हणाला. पण अरिंजयाला त्यातला हरेक ‘जी’ निराळा ऐकू येई. हा दमलेला, हा हसरा, हा रुसलेला. ऊन कललं की न सांगता सावली कले. आणि राजपुत्र झऱ्यावर वाकला, की पहिली ओंजळ स्वतः न पिता मागे धरी. राजगुरूंनी बारा वर्षं पोथ्या घोकल्या होत्या, त्यांना यातलं काही समजलं नाही. मोटेच्या बैलाला समजलं होतं.

पुत्र पंचविशीचा झाला. राजाने लग्न ठरवलं, शेजारच्या राज्यातल्या राजकन्या इंदुकलेशी. मुलगी हुशार, जीभ तिखट, आणि घोड्यावर अशी बसे की घोडाच अदबीने चाले. अरिंजयाला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो ‘हो’च म्हणाला असता. त्या घरात ‘नाही’ हा शब्द एकट्या राजाने वापरायचा असे.

राजाला मिरवायची हौस फार. त्याने खजिन्याच्या तळघरातून पणजोबांचे दोन पाट वर काढले. काळ्या शिसवीचे, चांदीच्या फुल्यांचे. डोंगरातल्या काळुंद्री चेटकिणीने दिलेले. पाटाखाली अक्षरं कोरलेली होती, ‘ज्यांची मनं शेजारी, त्यांनीच बसावं शेजारी. खोटं बसेल, तर राज्य उभं राहील.’ पणजोबांनी ती वाचली, पाट गुपचूप तळघरात ठेवले आणि जन्मभर गादीवर बसले. शहाणा माणूस. घनगर्जाने पाट उलटून पाहिलाच नाही. मांडवाच्या घाईत पाट उलटून कोण पाहतो?

मांडव सजला. वधूवर पाटावर बसले. आणि दोन्ही पाट उधळल्या शिंगरांसारखे मागच्या पायांवर उभे राहिले. नवरा रुखवतातल्या लाडवांत पडला, नवरी करंज्यांत. सगळा मांडव ‘अरे अरे’ करत उठला. तो उठला तो उठलाच. पुन्हा बसायला गेला, तर कोणालाही बसता येईना.

मग पाट उलटला. मग अक्षरं वाचली.

“खोटं कोण बसलं?” राजा गरजला.

राजगुरू म्हणाले, “ग्रह वक्री आहेत.” वैद्य म्हणाला, “उष्णता आहे. गुलकंद द्यावा.” सेनापती म्हणाला, “युवराज लहानपणी बासरी वाजवीत. मी तेव्हाच म्हणालो होतो.” काय म्हणाला होता ते त्यालाही आठवेना. मग एक सरदारीण हळूच, म्हणजे शंभर माणसांना ऐकू जाईल इतकं हळू बोलली, “मुलीतच काही खोट असेल हो.”

इंदुकला केसांतली करंजी काढत म्हणाली, “पाट तुमच्या घरचे, लबाडी तुमच्या घरची, आणि खोट माझ्यात?”

अरिंजयाचे कान लाल झाले. त्याला ठाऊक होतं. पण तो वाकून सांडलेले लाडू वेचू लागला. त्याच्या डोक्यावरची सावलीही त्याच्याबरोबर वाकली.

आठव्या दिवशी वेशीवरच्या पहारेकऱ्याच्या पायांना मुळं फुटली. नवव्या दिवशी अंगठ्याला पान आलं. ज्योतिषी म्हणाला, “तिसऱ्या पौर्णिमेला अवघं राज्य जंगल होईल.” तेव्हा कुठे अरिंजय पुढे झाला.

“मी काळुंद्रीकडे जातो.”

“जा,” राजा म्हणाला. “अब्दागिरी बरोबर ने. काळा पडशील.”

*

सात डोंगर चढून गेले तर काळुंद्री दारात चक्क बसलेली. मांडी घालून, पायांवर हात फिरवीत. दोघांना पाहून तिने मुद्दाम एकदा उठून पुन्हा बसून दाखवलं.

“शाप उतरव, मावशी,” अरिंजय म्हणाला.

“तीन कामं आहेत. टिटवीचं पीस आण. ब्रह्मसमंधाच्या विहिरीचं पाणी आण. तिसरं मग सांगते.”

टिटवी राज्याच्या हद्दीपलीकडच्या नदीच्या वाळूत पाठीवर पडलेली होती, दोन्ही पाय आभाळाकडे. ती बोले हे सांगायला नकोच.

“पीस देते,” टिटवी म्हणाली. “पण आधी एक सांग. आभाळ पडेल म्हणून मी पाय वर करून निजते. तुला कशाची भीती?”

अरिंजय या पायावरून त्या पायावर झाला. वाळू तापलेली, मन त्याहून तापलेलं. “मी खरं बोललो तर आभाळ पडेल, याची.”

“कोणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतात.”

टिटवीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “जवळ ये. गुपित आहे. परवा माझ्या पायात वांब आला, पेटका हो, तेव्हा मी पाय खाली घेतले.”

“मग?”

“मग काय? पडलं नाही. कोणाला सांगू नकोस हो, चार लोकांत मान आहे माझा.”

पीस मिळालं.

ब्रह्मसमंध वडावर राहत असे. विद्वान होता, म्हणून मेल्यावरही वाद घालायची खोड गेली नव्हती. वडाखालीच त्याची विहीर. त्याने फांदीवरून उलटं डोकं काढलं. “माझ्या तीन प्रश्नांना उत्तर द्या, नाहीतर खातो. वंश कोण चालवील?”

अरिंजय विचारात पडला. मग म्हणाला, “माझे आजोबा दत्तक होते. पलीकडच्या गढीतून आणले होते. वंश चालला. आज तर गर्जतोसुद्धा.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक तीस दिवस उभे आहेत. ते म्हणतील, आधी आम्हाला बसू द्या, मग काय ते बोलू.”

समंधाने दात विचकले. हा दुसरा प्रश्न आजवर कोणालाच सुटला नव्हता. “तिसरा. पुरुषाचं मन पुरुषाशेजारी, असं कधी कुठे झालंय का?”

अरिंजयाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. समंध एक फांदी खाली उतरला. मग दुसरी उतरला. इतक्यात दोन हात मागून आवाज आला.

“सात वर्षं होतंय, महाराज. रोज होतंय.”

समंध दचकला. अरिंजय त्याहून दचकला. मागे रवळू अब्दागिरीचा दांडा घट्ट धरून उभा, चेहरा विटेसारखा लाल. रीत मोडली होती. ‘जी’ सोडून बोलला होता.

“हा कोण?” समंधाने विचारलं.

“तोच,” अरिंजय म्हणाला. “तेच उत्तर.”

पाणी मिळालं.

दोघं परत काळुंद्रीपाशी आले. तिने पीस घेतलं आणि कान कोरला. पाणी घेतलं आणि घटाघटा पिऊन टाकलं.

“एवढ्याचसाठी?” अरिंजय ओरडला.

“कान खाजत होता, तहान लागली होती. तुला काय हवं होतं ते तुला मिळालं की नाही? आता तिसरं काम. घरी जा, भर दरबारात, भर उन्हात पाट मांड, आणि ज्याच्या शेजारी मन त्याला शेजारी बसव. चल, नीघ. मला जरा बसू दे.”

उतारावर रवळू थांबला. “युवराज, मी बसलो तर माझे हात तोडतील. तुम्ही एकटे बसा. मी सावली धरतो. सात वर्षं धरलीच की.”

“मला सावली नको, रवळू. तू हवास.”

रवळूने दांडा या हातातून त्या हातात घेतला.

“जी,” रवळू म्हणाला. आणि हा ‘जी’ अरिंजयाने यापूर्वी कधीच ऐकला नव्हता.

*

नगरात पोचले, तो तिसरी पौर्णिमा त्याच दिवशी. कोष्टी गुडघ्यापर्यंत साल झालेले, सरदारीण फुलावर आलेली, सेनापतीच्या मांडीवर सुतारपक्षी टकटक करत होता. राजाच्या डाव्या अंगठ्याला पिंपळाचं पान फुटे आणि कोणी पाहण्याआधी राजा ते खुडून टाकी. बाहेरच्या चौकात, रणरणत्या उन्हात, दरबार भरला. भरला म्हणजे उभा राहिला.

अरिंजय आधी इंदुकलेपाशी गेला. “चूक माझी. मला ठाऊक असून मी तुमच्या शेजारी बसलो.”

“आधी सांगितलं असतंत तर माझे पाय सुजले नसते,” इंदुकला म्हणाली. “ते जाऊ दे. माझ्या वडिलांच्या दरबारात स्वतः येऊन सांगायचं की खोट माझ्यात नव्हती. मोठ्याने सांगायचं. तुमच्या वडिलांच्या आवाजात.”

“येतो. वचन.”

मग तो राजाकडे वळला. “महाराज, खोटं मी बसलो. माझं मन रवळूशेजारी आहे.”

दरबारात अशी शांतता झाली की पानं फुटलेली ऐकू आली. मग घनगर्ज गरजला, “वंश कोण चालवील? लोक काय म्हणतील? असं कधी कुठे झालंय का?” तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने. अरिंजयाची उत्तरं तयारच होती. आजोबा दत्तक होते हे ऐकून राजा खोकला, कारण तो विषय त्या घरात कोणी काढत नसे. दुसऱ्याचं उत्तर द्यावंच लागलं नाही. मागून एक म्हातारा कासार ओरडला, “युवराज, कुणाशेजारी बसायचं त्याच्या शेजारी बसा, पण बसा हो एकदाचे!”

तिसऱ्याचं उत्तर अब्दागिरी धरून मागेच उभं होतं. “मी उभा मरेन,” राजा म्हणाला, “पण हो म्हणणार नाही.”

अरिंजयाने पाट मांडले. रवळूने अब्दागिरी भिंतीला टेकवली. सात वर्षांत पहिल्यांदा त्याचे हात मोकळे झाले, आणि कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. दोघं बसले.

पाट उधळले. दोघंही धुळीत.

राजा हसला. राजगुरू हसले. तिकडे वेशीवर हाळी देणाऱ्या पहारेकऱ्याला गळ्यापर्यंत साल चढली, आणि मेणबत्ती विझावी तसा त्याचा आवाज बंद झाला. अरिंजयाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं बोललो, सगळ्यांसमोर बोललो, मग चुकलं कुठे?

इंदुकला पाटांकडे पाहत होती. “युवराज,” ती म्हणाली, “खरं बोललात. पण दोन हात कमी बोललात.”

तेव्हा त्याला दिसलं. सवयीच्या हाताने त्याने रवळूचा पाट मागे मांडला होता. बरोबर दोन हात.

त्याने स्वतः वाकून तो पाट उचलला, पुढे आणला, आपल्या पाटाला भिडवला. कडेला कड. फटीतून मुंगी जाणार नाही असा. मग हात पुढे केला. “बस.”

रवळू बसला. अरिंजय बसला.

पाट शहाण्या गाईसारखे थंड राहिले.

आणि मग जो आवाज झाला तो सात डोंगरांपलीकडे काळुंद्रीला ऐकू गेला. धप्प! उभं राज्य एकदम बसलं. कासार बसला, कोष्टी बसले, सालं गळून पडली, म्हशी बसल्या, कोंबड्या अंड्यांवर बसल्या आणि डोळे मिटून घेतले. सरदारीण राजगुरूंच्या मांडीवर बसली आणि उठायला राजी होईना. पहारेकरी वेशीवर फतकल मारून हमसून हमसून रडला.

एकटा राजा उभा होता. त्याच्या अंगठ्याचं पान गळलं होतं, गुडघे मोकळे झाले होते. मागे सिंहासन रिकामं होतं. पण हट्ट म्हणून एक चीज असते, ती सिंहासनापेक्षा उंच. तो उभा राहिला.

सूर्य कलला. ऊन तिरपं होऊन पाटांवर बसलेल्यांच्या थेट तोंडावर आलं. दोघांच्या कपाळावर घाम आला. आता सावली कोण धरणार? धरणारा तर बसला होता. राजाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अख्खा दरबार पाय चोळण्यात गुंग.

“काळे पडाल,” राजा पुटपुटला. त्याच्या लहान कानांनाही तो आवाज परका वाटला. मग तो भिंतीशी गेला, अब्दागिरी उचलली आणि दोघांच्या मागे येऊन उभा राहिला. सावली आधी एकट्या अरिंजयावर पडली. राजाने घसा खाकरला आणि दांडा थोडा डावीकडे कलवला.

त्याला आता बसता येत होतं. तरी तो उभा राहिला.

पुढे अरिंजय शेजारच्या राज्यात गेला आणि बापाच्या आवाजात खरं सांगून आला. इंदुकलेने वडिलांनंतर ते राज्य चालवलं, आणि तिथे पाट मांडण्याआधी उलटून पाहायचा कायदा केला. टिटवी अजून पाय वर करूनच निजते. पण कोणी नसलं की खाली घेते. ज्याचं मन जिथे थारा धरतं, तिथे त्याला पाट मिळो, आणि तो कोणी दोन हात मागे न मांडो. आता उठा. फार वेळ बसलात.